काच अडते, आळ मशीनवर

मुंबई-गोवा महामार्ग पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर सुरू होतो. जुना मुंबई-पुणे रस्ता आणि न्हावाशेवा बंदराचा रस्ता इथेच येऊन मिळत असल्याने कंटेनरच्या रांगा आणि त्यांची धूळ या नाक्याच्या अंगवळणी पडली आहे. पुढे पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा. त्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याची दहा-पंधरा वर्षांची गाडी ही धूळ, हे खड्डे आणि रायगडचा पाऊस झेलत जाते. निघण्याआधी टायर, ब्रेक, बॅटरी पाहिली जाते. दाराच्या काचेकडे कुणी बघत नाही. ती आठवते अडल्यावर, म्हणजे बहुधा भर पावसात. मग गॅरेजात निकाल लागतो, ‘मशीन गेलं, नवीन टाका.’ हा निकाल पुष्कळदा अर्धाच खरा असतो. मशीन, म्हणजे काच वर-खाली करणारी यंत्रणा, गेलेले असेलही, पण ते कशामुळे गेले हे पाहिले नाही तर नवे मशीनही त्याच वाटेने जाते.

दाराच्या आतली रचना तशी साधी आहे. स्विच दाबला की बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह एका छोट्या मोटरला मिळतो. काच उलट दिशेला न्यायची तर प्रवाहाची दिशा उलटते. ही मोटर केबलचा ड्रम फिरवते किंवा कात्रीसारख्या पट्ट्या उघडते-मिटवते आणि त्यावर बसवलेली काच दोन्ही बाजूंच्या रबरी खाचांतून सरकते. खरी मेख या खाचांत आहे. उन्हाने रबर कडक होते, त्याचे मऊ अस्तर झिजते, आत गेलेला चिखल वाळून बसतो. काच आधी रेंगाळते, मग अडखळते, पुढे तिरकी होते आणि शेवटी थांबते. तोवर मोटर दर वेळी जास्त प्रवाह ओढत तापत राहते. अनेक मोटरींमध्ये जास्त तापल्यावर प्रवाह तोडणारी सोय असते. म्हणून अडलेली काच थोड्या वेळाने ‘आपोआप’ चालू होते आणि मालक निर्धास्त होतो. वास्तविक तो इशारा असतो. त्याकडे दुर्लक्ष झाले की स्विचचे कॉन्टॅक्ट जळतात, मोटरचे कार्बन झिजतात, नाही तर केबलला धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा तुकडा तुटतो.

दोष नेमका कुठे आहे हे दार न उघडताही बरेचसे कळते. गाडीतला साधा बल्ब लावून काचेचा स्विच दाबावा. दिवा किंचित मंद झाला पण काच हलली नाही, तर वीज मोटरपर्यंत पोहोचते आहे आणि काच किंवा मोटर जाम आहे. मोटरचा आवाज येतो पण काच जागची हलत नाही, तर केबल किंवा पट्टी सुटली आहे. दिवाही ढळला नाही आणि आवाजही नाही, तर फ्यूज, स्विच आणि वायर आधी तपासायला हव्यात. चालकाच्या दारावरचे काचा बंद करून ठेवणारे बटण चुकून दाबले गेले नाही ना, हेही पाहावे. दार आणि खांब यांच्यामध्ये रबरी नळीतून वायरी जातात; हजारो वेळा दार उघडून मिटून त्या तिथेच तुटतात. दार हलवताना काच मध्येच चालत असेल तर पहिला संशय तिथे घ्यावा.

यावर गॅरेजवाला म्हणेल, शोधण्यात तास घालवण्यापेक्षा पूर्ण सेट बदललेला परवडतो. केबल तुटली असेल तेव्हा त्याचे म्हणणे रास्त आहे, कारण अनेक गाड्यांत ती सुटी बदलता येत नाही. पण तेव्हाही खाच साफ करून रबर तपासायलाच हवे. रबराला इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नये, ते फुगते; सिलिकॉन स्प्रे चालतो. दाराच्या आतल्या पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद फाटला असेल तर नीट चिकटवून घ्यावा. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दारात उतरतेच. ते खालच्या भोकांतून बाहेर पडावे आणि हा कागद त्याला गाडीत येऊ देऊ नये, अशीच दाराची योजना असते. भोके तुंबली तर पाणी आतच साचून दार गंजते आणि वायरींचे जोड ओलाव्यात राहतात.

दुसरा आक्षेप जास्त प्रचलित आहे. गाडी जुनी, एसी चालतो, टोलला फास्टॅग आहे. काच वर ढकलून कायमची बंद ठेवली तर बिघडले कुठे? याचे उत्तर २६ जुलै २००५ ला मिळाले आहे. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाण्यात अडकलेल्या गाड्यांतून बाहेर न पडता आल्याने माणसे दगावली. बाहेरच्या पाण्याचा दाब दार उघडू देत नाही. अशा वेळी काच हीच पहिली वाट असते. चांगली पॉवर विंडोही पाण्यात बंद पडू शकते हे खरे, म्हणून हाताशी छोटी हातोडी हवीच आणि घाव बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात घालायचा हेही ठाऊक हवे. पण बाहेर पडण्याची एक वाट आपणच आधी बुजवून ठेवण्यात शहाणपण नाही.

पळस्प्याचा फाटा मागे टाकण्याआधी, घरीच, चारही काचा एकदा पूर्ण खाली-वर करून पाहाव्यात. एखादी रेंगाळली तर तिची खाच त्याच दिवशी साफ करून घ्यावी. त्या कामाला एक फडका, सिलिकॉन स्प्रे आणि अर्धा तास पुरतो.