खाजनातील बियाणे आणि आपले माप

पेडणे तालुक्यातील मोपा येथील सड्यावर ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली, आणि त्या गावाचे नाव आपल्या व्यापारीवर्गाच्या बोलण्यात येऊ लागले. परंतु सडा उतरून तेरेखोल व शापोरा या नद्यांच्या काठी गेले असता निराळाच प्रश्न दृष्टीस पडतो. तेथील खाजन शेती बांध आणि मानशी यांच्या भरवशावर उभी आहे. बांध फुटला की खारे पाणी आत शिरते व दुकानातून आणलेले उत्तम प्रतीचे भातही करपते. समुद्राची पातळी वाढत आहे, पाऊस लहरी झाला आहे. तेव्हा हे संकट पुनःपुन्हा येणार.

अशा जमिनीत तग धरते ते कोरगुट. हे भात उंच वाढून आडवे पडते, उताराही बेताचाच. पण खारटपणा सोसते. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने ‘गोवा धान-१’ व ‘गोवा धान-२’ हे वाण कोरगुटातूनच निवडले. म्हणजे संशोधकांनाही मूळ भांडवल शेतकऱ्याच्या कणगीतूनच घ्यावे लागले. आणि ते तेथे टिकले, शेजाऱ्याने शेजाऱ्यास दिले म्हणून.

या देवघेवीस कायद्याचा आधार आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ याच्या कलम ३९ अन्वये शेतकऱ्यास आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा, किंबहुना विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचे बियाणे छाप लावून मात्र त्यास विकता येत नाही. छाप व वेष्टन हा आपला प्रांत. सबब आपला धंदा बुडेल ही काही बंधूंची भीती मला अतिरंजित वाटते.

बियाणे उसने देणे आपल्यास नवे नाही. जुन्या वह्यांतील वाढीदिढीचा हिशेब सर्वश्रुत आहे: पेरणीस एक खंडी, सुगीस दीड. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील, २०२० च्या पद्मश्रीने गौरविलेल्या श्रीमती राहीबाई पोपेरे यांच्या बीजबँकेत तर घेतल्याच्या दुप्पट परत करण्याची रीत आहे. वरकरणी पाहता ही वाढ आपल्या पूर्वजांहूनही अधिक! परंतु ते वाढीव माप सावकाराच्या कोठारात न राहता पुढील हंगामी दुसऱ्याच्या शेतात जाते.

ऐन पावसाळ्यात बांध फुटल्यावर दुबार पेरणीस कोरगुट हाताशी असावे लागते, आणि भर पावसात धान्य कोरडे राखण्याची विद्या आपल्याइतकी कोणास अवगत आहे? गुदामाचा एक कोपरा, तराजू व एक वही एवढे देणे संघास जड नाही. त्या वहीत दिढीचा रकाना आखू नये. परत आलेले माप पुढच्या शेतकऱ्याच्या नावे मांडावे.