वैद्यकीय प्रतिमांकन केंद्रांची अधिस्वीकृती

वैद्यकीय प्रतिमांकन केंद्राची अधिस्वीकृती म्हणजे क्ष-किरण, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय इत्यादी तपासण्या करणाऱ्या केंद्राची सेवा ठरावीक मानकांनुसार आहे, अशी त्रयस्थ संस्थेने परीक्षणानंतर दिलेली मान्यता होय. भारतात भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अंतर्गत असलेले, ‘एनएबीएच’ या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे मंडळ अशी मान्यता देते. ती ऐच्छिक आहे. मात्र केंद्र चालवण्यासाठी लागणारे शासकीय परवाने अनिवार्य असतात. या दोहोंतील क्रम न पाळणे हे विलंबाचे एक प्रमुख कारण होय.

वैधानिक परवाने

क्ष-किरण व सीटी स्कॅन यंत्रांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना घ्यावा लागतो. या मंडळाची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ रोजी झाली. परवान्याचे अर्ज ‘ई-लोरा’ या संगणकीय प्रणालीतून केले जातात. एमआरआय व सोनोग्राफीत आयनकारी किरणोत्सर्ग नसल्याने त्यांना हा परवाना लागत नाही. तथापि, सोनोग्राफी केंद्राची नोंदणी गर्भधारणापूर्व व प्रसूतिपूर्व निदान तंत्रे (लिंग निवडीस प्रतिबंध) कायदा, १९९४ अन्वये करावी लागते. ही नोंदणी पाच वर्षांसाठी वैध असून नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी ३० दिवस आधी करावयाचा असतो.

स्थळाशी निगडित अडचणी

हे परवाने विशिष्ट जागा, यंत्र व व्यक्ती यांच्याशी बांधलेले असतात. जळगाव व भुसावळ यांच्या दरम्यान, महामार्गावर वसलेल्या नशिराबादचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होते. जळगाव शहरातील केंद्र नशिराबादला हलवायचे ठरल्यास केवळ पत्ता बदलून भागत नाही. सोनोग्राफीची नोंदणी महापालिका क्षेत्रात महापालिकेच्या, तर हद्दीबाहेर जिल्हा यंत्रणेच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे असते. जागा, यंत्र किंवा कर्मचारी बदलण्याची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. क्ष-किरण कक्षाचा आराखडाही नव्याने तपासून घ्यावा लागतो. आराखडा तपासण्याआधी भिंती उभारल्यास त्या पुन्हा बांधण्याची वेळ येऊ शकते.

विलंबाची अन्य कारणे

परीक्षक लिखित धोरणाबरोबरच त्याच्या अंमलबजावणीच्या नोंदी तपासतात. रुग्णाची ओळख पटवणे, अहवाल देण्यास लागलेला वेळ, पुन्हा घ्याव्या लागलेल्या प्रतिमा, अंतर्गत परीक्षण यांच्या नोंदी कालांतरानेच साठतात. अर्ज केल्यावर त्या एका आठवड्यात निर्माण करता येत नाहीत. मागील तारखेने लिहिलेली नोंद तर फसवणूकच ठरते.

क्ष-किरण यंत्राची गुणवत्ता चाचणी किमान दोन वर्षांतून एकदा करावी लागते. कर्मचाऱ्यांना मिळालेल्या किरणोत्सर्गाची मात्रा दर्शवणारे टीएलडी बिल्ले दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी पाठवले जातात. एक खेप चुकली, तर त्या तिमाहीची नोंद पुन्हा मिळवता येत नाही.

विलंब टाळण्याचे उपाय

आधी जागा व यंत्र निश्चित करणे, मग परवाने मिळवणे, त्यानंतर कार्यपद्धती काही महिने प्रत्यक्ष राबवणे, स्वयंमूल्यमापन करणे व शेवटी अर्ज करणे, हा क्रम उपयुक्त ठरतो. परवाने, चाचण्या व देखभाल करार यांच्या मुदती एकाच तक्त्यात ठेवून त्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे सोपवावी. केंद्राचे नाव व पत्ता सर्व कागदपत्रांत एकसारखा असावा. अर्जात केवळ प्रत्यक्ष चालू असलेल्या सेवाच नमूद कराव्यात. परीक्षणात आढळलेल्या त्रुटींच्या उत्तरात दुरुस्तीबरोबरच त्रुटीचे मूळ कारणही द्यावे. अन्यथा पत्रव्यवहार लांबतो.

महत्त्व

भारतात किरणोत्सर्गी क्षेत्रातील कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट ही मात्रेची मर्यादा आहे. रुग्णासाठी मात्र अशी ठरावीक मर्यादा नसते. तपासणीची गरज व लाभ पाहून मात्रा शक्य तितकी कमी ठेवावी लागते. त्यामुळे अस्पष्ट प्रतिमेमुळे पुन्हा काढावा लागणारा फोटो हा रुग्णावर अकारण पडणारा भार असतो. अदलाबदल झालेला अहवाल तर चुकीच्या उपचारास कारणीभूत ठरू शकतो. परीक्षक मागत असलेल्या नोंदी अशा चुका वेळीच लक्षात आणून देतात. म्हणूनच त्या अर्जाच्या वेळीच नव्हे, तर केंद्र सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून ठेवणे रुग्णाच्या हिताचे असते.