थंडीतल्या पक्ष्यांची वही

नांदूर मध्यमेश्वरला पहाटे पोहोचलात की दुर्बिणीच्या आधी वही बाहेर काढा. तारीख, सुरुवातीची वेळ, धुकं, वारा, पाणी किती आहे, सोबत कोण, हे पक्षी दिसायच्या आधीच लिहून होतं. पेन्सिलच बरी, दवाने कागद ओलावला की शाई पसरते.

गोदावरी-कादवा संगमावरचं हे पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. हिवाळ्यात इथे थापट्या, चक्रवाक उतरतात. थवा मोजायचा तर आधी दहा पक्षी नीट मोजा, तेवढा तुकडा नजरेत धरा आणि थव्यात असे किती तुकडे बसतात ते पाहा. मग ‘थापट्या, अंदाजे २००’ असं लिहा. ‘खूप’ नको, पुढच्या वर्षी त्याची तुलना कशाशी करणार?

‘तासभर पाहिलं, परीट नाही’ ही ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. परीट कधी आला, कधी परतला, हे अशाच ओळींवरून ठरतं. पान कोरं राहिलं तर पक्षी नव्हता की आपणच गेलो नव्हतो, हे कळत नाही.

ओळख पटली नाही तर नाव ठोकून देऊ नका. चोच, पायांचा रंग लिहा, वेडंवाकडं का होईना चित्र काढा. हिरवा तुतवार आणि ठिपकेवाला तुतवार चिखलात सारखेच भासतात; उडताना मात्र पहिल्याच्या पंखांची खालची बाजू काळपट दिसते, दुसऱ्याची फिकट. एवढं टिपलेलं असलं की घरी पुस्तकात नाव सापडतं.