ब्रेकचं पेडल दगड झालं तर?

विंटेज गाडी मिरवायची हौस आहे? मग पार्किंगमध्येच पाच मिनिटं काढा!

शनिवारची सुट्टी आणि मित्राला काकांकडून मिळालेली मर्सिडीज ३०० डी. १९७६ ते १९८६ या काळात बनलेल्या डब्ल्यू १२३ मालिकेतली. एकदम झकास! पण खंबाटकी घाट उतरताना त्याने ब्रेक दाबला, तर पेडल दगडासारखं. दोन्ही पायांनी जोर लावला, तेव्हा कुठे गाडी पुढच्या ट्रकपासून हातभर अंतरावर थांबली.

गॅरेजवाल्याने ब्रेक पॅड बदलले, बिल हातात ठेवलं. पेडल जैसे थे. त्याच संध्याकाळी किल्ली काढली तरी इंजिन चालूच! आम्ही हसलो. खरं तर गाडी दुखणं कुठे आहे ते सांगत होती.

पॉवर ब्रेकमधली 'पॉवर' असते हवेची. पेडलपुढे बूस्टर नावाचा गोल डबा असतो, त्यात रबरी पडदा. त्याच्या एका बाजूला व्हॅक्यूम. ब्रेक दाबला की दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा शिरते, पडदा ढकलते आणि पायाचं काम हलकं होतं. पेट्रोल गाडीत हा व्हॅक्यूम इंजिनच्या इनटेकमधून मिळतो, डिझेलमध्ये त्यासाठी वेगळा पंप लागतो. या मर्सिडीजमध्ये किल्ली फिरवल्यावर इंजिन बंद होतं तेही त्याच व्हॅक्यूमवर. म्हणजे दोन तक्रारी, दुखणं एकच!

घरच्या घरी तपासा

● इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. ते कडक झालं की दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल थोडं खाली गेलं, तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय. जागचं हललं नाही, तर पाइप, पंप किंवा बूस्टर बघा.

● इंजिन बंद करून पाच मिनिटांनी ब्रेक दाबा. पहिल्याच दाबाला कडक? व्हॅक्यूम टिकत नाहीये. एकमार्गी व्हॉल्व्ह तपासा.

● दाबून धरल्यावर सतत 'स्सss' ऐकू येतंय? पडदा फाटला असावा.

● पेडल कडक नाही, उलट मऊ आहे, खाली बसतंय? मग मामला ऑइलचा किंवा लाइनमधल्या हवेचा. गाडी हलवूच नका, मेकॅनिकला बोलवा.

आमच्या मर्सिडीजमध्ये पंपाकडून येणारा रबरी पाइप चिरला होता. पॅडचे पैसे गेले ते गेले. मित्र आता घाटात जाण्याआधी पार्किंगमध्ये पेडल दाबून बघतो. तुम्हीही बघा, बॉस!