सात रुपयांची लगड

2025 च्या दिवाळीआधीची गोष्ट. माळा आवरताना सासूबाईंची पितळी डबी हाती लागली. आत एक तुटकं पैंजण, बोटं जाड झाली म्हणून उतरवलेली सहा जोडवी आणि आठ बंदे रुपये. चांदीचे! चांदी तेव्हा किलोला लाखाच्या कितीतरी वर गेली होती. घरात एकदम लगबग उडाली.

आमचे चिरंजीव बारावीला. मोबाईलवर बघून त्यांना सगळं ज्ञान असतंच. "आई, सराफाकडे मोड दिली की तो घट धरतो. आपणच वितळवू. मूस आणि गॅसची टॉर्च घरपोच मिळते." खरं सांगते मैत्रिणींनो, मलाही ते पटलं. त्यात माझं माहेर विट्याकडचं, म्हणजे गलाईवाल्यांच्या मुलखातलं. गलाई काय आपल्या रक्तातच आहे, असा एक फुकाचा तोरा मनात होता. सासूबाईंनी मात्र एक रुपया काढून देव्हाऱ्यात ठेवला. म्हणाल्या, "लक्ष्मीपूजनाला लागतो. बाकीचं तुमचं चालू द्या."

साताऱ्यातल्या आमच्या घराला मागे छोटी पडवी आहे, तिला पावसाची झड लागू नये म्हणून प्लास्टिक ताणलेलं. तिथे मांडामांड केली. जोडवी मुशीत टाकली, वर रुपये, चिमूटभर सवागी आणि टॉर्च पेटवली. पाऊण तास झाला तेव्हा कुठे ते सगळं लाल होऊन आरशासारखं लकाकायला लागलं. काय सुंदर दिसतं ते! मी वाकून बघत राहिले. तोंडात गोडसर, पितळेचं भांडं चाटल्यासारखी चव आली, तिकडे लक्ष दिलं नाही. साचा म्हणून एक पत्र्याची डबी नुकतीच धुऊन पुसून ठेवली होती. लेकाने त्यात ओतलं आणि फट्कन आवाज झाला. ज्वारीच्या दाण्याएवढा एक थेंब माझ्या मनगटावर, दुसरा भिंतीवर. लेकाच्या डोळ्यांवर नशिबाने चष्मा होता.

हात नळाखाली धरला, टूथपेस्ट लावली (तेही चुकीचंच, ते पुढे कळलं) आणि फराळाला लागले. रात्री नऊच्या सुमारास हुडहुडी भरली. ताप, अंग ठणकतंय, छातीत आवळल्यासारखं. मला वाटलं, सर्दी. काढा करून घेतला. तेवढ्यात विट्याच्या मामांचा दिवाळीचा फोन आला. लेकाने कौतुकाने सगळं सांगितलं. मामांचा आवाजच बदलला. "जोडव्यांना डाग दिलेला हुता का? आन् तुझी आई धुरात हुबी हुती? तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. सकाळची वाट बगू नगा."

डॉक्टरांनी विचारलं, काय काय वितळवलं? मग त्यांनी जे समजावलं ते मी कागदावर लिहूनच घेतलं. चांदी वितळते सुमारे 961 अंशांना. जोडव्याचा सांधा ज्या डागाने जोडतात त्यात जस्त असतं, जुन्या दागिन्यांत कॅडमियमही असू शकतं. जस्त 907 अंशांना उकळतं, कॅडमियम तर 767 लाच. म्हणजे चांदी पातळ व्हायच्या आधीच या दोन्हींची वाफ होऊन आपल्या नाकात गेलेली असते. जस्ताच्या धुराने चार-सहा तासांनी थंडीताप येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. कॅडमियमची सुरुवातही अशीच, तापासारखी. पण पुढे फुप्फुसांना सूज येते, जीवही जाऊ शकतो. पहिल्या काही तासांत दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून मला रात्रभर ठेवून घेतलं. छातीचा फोटो काढला, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र. लेक बाहेर बाकावर बसून होता, एक शब्द बोलला नाही. माझा तो जस्ताचाच ताप निघाला. तिसऱ्या दिवशी मी घरी चकल्या तळत होते.

भाऊबीज झाल्यावर ती लगड पिशवीत घालून मी एसटीने विट्याला गेले.

खानापूर, आटपाडी, तासगाव, इकडे साताऱ्यातले माण-खटाव, हा सगळा दुष्काळी पट्टा. शेतात काही पिकेना म्हणून इथली माणसं पिढ्यान् पिढ्या सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. पंजाबपासून केरळपर्यंत बाजारपेठेत सराफकट्ट्याजवळ मराठी बोलणारा गलाईवाला भेटतो तो बहुधा आपल्याकडचाच. गावाकडची मोठी घरं, पोरांची शिक्षणं, देवळांचे कळस, सगळं त्या भट्टीवर उभं राहिलं. मामा तीस वर्षं तामिळनाडूत होते. पुढे दुकान, मागे एक खोली, त्यात संसार.

मामांनी लगड हातात घेऊन दगडावर घासली, थेंब टाकला आणि हसले. "पोरी, चांगल्या दुधात ताक वतलंस की गं." आमच्या सातांतले चार रुपये जुने, राणीछाप आणि पंचम जॉर्जचे. ब्रिटिश रुपया एक तोळ्याचा, 11.66 ग्रॅम, आणि 1940 पूर्वीच्या रुपयात बारात अकरा भाग चांदी. उरलेले तीन 1944-45 चे. लढाईच्या काळात सरकारने चांदी निम्म्यावर आणली. बाकी तांबं, निकेल आणि जस्त. दोन्ही एकत्र वितळवल्यावर लगड पाऊणपटाची झाली. ते चार रुपये तसेच नेले असते तर चांदीचा चांगला भाव मिळाला असता, आणि एखादं साल दुर्मीळ असतं तर नाणी जमवणाऱ्याने त्याहून जास्त दिले असते. घट वाचवायला निघालो होतो!

आणि तो फट्कन आवाज? मामा म्हणाले, साचा आधी तापवून कोरडा करायचा असतो. एक थेंब पाणी राहिलं तरी त्याची क्षणात वाफ होऊन ती दीड हजार पटींहून जास्त फुगते आणि वरचा रस उडवते. शिवाय पातळ चांदी हवेतला प्राणवायू पिते, आपल्या आकारमानाच्या सुमारे वीसपट. थिजताना तो बाहेर टाकते, तेव्हा थुंकते.

मामी इतका वेळ भाकऱ्या थापत ऐकत होती. मी विचारलं, तुला नाही का गं कधी त्रास झाला? ती म्हणाली, "तेजाबाचा तांबडा धूर खोलीत यायचा. दोरीवर लुगडं वाळत घातलं तर म्हैन्याभरात चिरगूट व्हायचं. मग मी लुगडी घरातच पेटीत ठिवायला लागले. आन् पोरं मातुर त्याच धुरात." तिने एवढंच सांगितलं आणि भाकरी उलटली. मामांचे पुढचे दात झिजलेले आहेत, जिना चढताना ते मध्येच थांबतात. तो तांबडा धूर शोऱ्याच्या आम्लाचा. त्यानेही लगेच फारसं काही होत नाही, खोकला येतो, थांबतो. आणि दिवसभराने फुप्फुसात पाणी भरू शकतं. शिशाने चांदी शुद्ध करायची जुनी रीत आहे, तिचं विष तर कपड्यांवरून घरात येतं आणि लहान मुलांच्या मेंदूला धरतं. आता बऱ्याच जणांनी धूर ओढून घेणारे पंखे आणि नळ्या बसवल्यात. मामांच्या वेळी खिडकी होती.

मोड द्यायची असेल तर मामांनी सांगितलेलं सांगते. आधी दुसरीकडे वजन करून घ्या. खडे, दोरा, आतली लाख काढायला लावा. नाणी आणि दागिने कधी एकत्र देऊ नका. समोर उभं राहून, पण धुराच्या बाजूला न उभं राहता, वितळवून घ्या. मग टंच विचारा, तो यंत्रावर बघून पावतीवर लिहून मागा. 1969 मध्ये गांधी शताब्दीला निघालेलं दहा रुपयांचं चांदीचं नाणं असेल तर ते मुळीच मुशीत टाकू नका. चलनातलं नाणं, स्मरणनाणंसुद्धा, वितळवणं 2011 च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे, तुरुंगवासही होऊ शकतो.

आणि कुणाच्या घरी आमच्यासारखा पराक्रम झालाच, तर भाजलेल्या जागी वीस मिनिटं वाहतं पाणी, दुसरं काही नाही. चिकटलेला धातू किंवा कपडा ओढायचा नाही. आम्ल सांडलं तरी पाणीच, भरपूर. धूर छातीत गेला असेल तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरकडे जायचं आणि काय वितळवलं ते नावानिशी सांगायचं.

निघताना मामी म्हणाली, "ती लगड इकू नगंस. पोराच्या टेबलावर ठिव." लगड तिथे आहे. मनगटावर ज्वारीएवढा पांढरा डाग आहे. टॉर्च लेकाने सायकलवाल्याला देऊन टाकली. लक्ष्मीपूजनाला यंदा देव्हाऱ्यातला तो एकच रुपया होता. सासूबाईंनी तो चिंचेने घासला, हळदकुंकू वाहिलं आणि पूजा झाल्याबरोबर उचलून कनवटीला लावला.