मलपृष्ठ वाचताना

पुस्तकाच्या दुकानात पुस्तक हातात घेतलं की आपण पहिलं काय करतो? उलटं करतो. मागच्या पानावर, म्हणजे मलपृष्ठावर, आठ-दहा ओळी असतात. त्यांना ब्लर्ब म्हणतात. मराठीत पाठराखण असाही शब्द आहे. ब्लर्ब हा शब्द मुळात थट्टेतला. १९०७ मध्ये गेलेट बर्जेस या अमेरिकी विनोदी लेखकानं आपल्या पुस्तकाच्या वेष्टनावर एक काल्पनिक बाई छापली, तिच्या तोंडी अवाच्या सवा स्तुती घातली आणि तिचं आडनाव ठेवलं ब्लर्ब!

आता हे भोर-वेल्ह्याच्या संदर्भात का सांगतोय? राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर हे सगळं या दोन तालुक्यांतलं. शिवकाळावरच्या कादंबऱ्यांतून ही नावं येतात आणि त्यांच्या मलपृष्ठांची भाषा ठरलेली असते : ‘धगधगतं’, ‘रोमहर्षक’. यात लबाडीच असते असं नाही. गिऱ्हाईक अर्धा मिनिट देणार, तेवढ्यात त्याचं मन वळवायचं असतं. ‘इथं अभ्यासकांत मतभेद आहेत’ हे वाक्य तिथं बसत नाही. रायरेश्वरावरच्या शपथेचंच घ्या. तिच्या तपशिलांबद्दल एकमत नाही. पण मलपृष्ठावर ती डोळ्यांदेखत घडल्यासारखी येऊ शकते. मग तेच वाक्य मुलांच्या भाषणात जातं, तिथून माहितीफलकावर. जाहिरातीचा इतिहास होतो तो असा.

प्रस्तावनेचं काम वेगळं. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची पत्ररूप प्रस्तावना आहे. कादंबरीच्या आधीच ती वाचकाला पुरावा, दंतकथा आणि त्यांतले प्रश्न यांचा विचार करायला लावते. मलपृष्ठ म्हणतं, विश्वास ठेवा; अशी प्रस्तावना म्हणते, तपासा.

अस्सल साधन कसं दिसतं तेही पाहा. भोर तालुक्यातल्या कारीच्या जेधे घराण्याची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात नुसत्या त्रोटक नोंदी : अमुक तिथी, अमुक घटना. विशेषणं जवळजवळ नाहीतच. मलपृष्ठावर ती छापली तर पुस्तक खपणार नाही. पण इतिहासकार तारखा ठरवतात त्या तिच्यासारख्या साधनांवरून.

म्हणून मलपृष्ठ जरूर वाचा, पण तिथं थांबू नका. आत ‘कादंबरी’ असं छापलंय का? प्रस्तावना कुणाची? शेवटी संदर्भसूची आहे का? एवढं पाहायला दोन मिनिटं पुरतात. कादंबरी आवडली तर आनंदानं घ्या. फक्त उद्या गडावर कुणाला माहिती सांगताना ती कादंबरीतली आहे, एवढं सांगा.