होळीला घरी आलेली बाळं

आईसपॅक डीप फ्रीजरमधून काढल्या काढल्या लशीच्या कॅरियरमध्ये ठेवायचा नसतो. तो टेबलावर मांडायचा, त्याला घाम सुटेपर्यंत थांबायचं आणि मग कानाशी धरून हलवायचा. आत पाणी हलल्याचा आवाज आला की तो कामाचा झाला. नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात सकाळी सिस्टर असे चार आईसपॅक एकामागून एक कानाशी लावत होत्या. घट्ट गोठलेला बर्फ पाच आजारांवरच्या पेंटाव्हॅलंट लशीच्या बाटलीला चिकटला तर लस गोठते आणि गोठलेली पेंटा टोचून उपयोग नसतो. उन्हाने लस बिघडते हे बहुतेकांना ठाऊक असतं. थंडीनेही बिघडते, हे हा डबा रोज खांद्यावर वागवणाऱ्यांनाच नीट माहीत.

जीप एका ओढ्यापर्यंत गेली. पुढे चढ. सातपुड्यातलं गाव म्हणजे एका ठिकाणी दाटीने वसलेली घरं नव्हेत. इथे ज्याचं शेत जिथे, त्याचं घर तिथे. एका गावाचे सात-आठ पाडे असतात आणि दोन पाड्यांच्या मध्ये एक अख्खी दरी. कागदावर ‘एक गाव, एक सत्र’ लिहिणं सोपं आहे; प्रत्यक्षात पलीकडच्या टेकडीवरच्या बाईला बाळ कडेवर घेऊन उतरायचं आणि परत चढायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. म्हणून सिस्टर अंगणवाडीत बसून वाट पाहत नाहीत. दोन सत्रं दोन पाड्यांवर लावतात.

दिवस होळीच्या आधीचे होते. नंदुरबारमध्ये लसीकरणाचं काम करणाऱ्यांसाठी वर्षातले हे सगळ्यांत मोलाचे दिवस. दिवाळी झाली की इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला आणि शेतमजुरीला गुजरातेत उतरतात, बार्डोली-सुरतकडे, काही थेट सौराष्ट्रात. होळीला मात्र माणूस कुठेही असो, घरी येतो. काठी गावची राजवाडी होळी, भोंगऱ्या बाजार, अंगावर घुंगरांच्या माळा बांधून नाचणारे गडी, हे चुकवून कोणी उसाच्या फडात थांबत नाही. होळी झाली की काहीजण पुन्हा निघतात. म्हणजे बाळ घरी सापडण्याचे दिवस मोजकेच.

आता लशीचं वेळापत्रक पाहा. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि कावीळ-बीची लस. मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटाव्हायरस; त्यातच ठरल्या आठवड्यांना न्यूमोकोकलची लस. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला आणि सोबत अ जीवनसत्त्वाचा डोस. दीड वर्षाच्या सुमारास गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर. सप्टेंबरच्या अखेरीस दवाखान्यात जन्मलेल्या मुलाला बीसीजी मिळते. त्याचे सहा आठवडे भरतात तेव्हा त्याची आई बार्डोलीच्या वाटेवर असते. दहावा आणि चौदावा आठवडा उसाच्या फडात, पालाच्या झोपडीत जातो. तिथल्या नर्सच्या यादीत हे बाळ नसतं आणि इथल्या यादीत त्याच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. पेंटाचा पहिला डोसही न मिळालेल्या अशा मुलांना खात्याच्या भाषेत ‘शून्य डोस’ म्हणतात. ‘आदिवासी लस घेत नाहीत’ असं शहरात बसून बोलणाऱ्यांनी ही तारखांची ओढाताण एकदा समजून घ्यावी. नकार देणारी घरं असतात, पण त्याहून कितीतरी जास्त घरं अशी असतात जिथे विचारायला गेलं तेव्हा दाराला कुलूप होतं.

सत्र एका घराच्या पडवीत भरलं. मागे कुडाच्या भिंतीला मक्याची कणसं टांगलेली. सिस्टरनी टेबलाऐवजी खाट घेतली, तिच्यावर स्वच्छ कापड, त्यावर सुया, कापूस आणि सुई कापायचं हब कटर मांडलं. डब्यातून बाटली काढली की आधी तिच्यावरचा छोटा गोल पाहायचा. त्या गोलाच्या आत एक चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असला तर लस चांगली. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो आणि गोलाच्या रंगाला पोचला की ती बाटली बाद. आलेल्या बायकांनाही त्या ही खूण दाखवत होत्या. एक आजीबाई प्रत्येक बाटली हातात घेऊन डोळ्यांजवळ नेऊन बघायला लागल्या आणि सिस्टरनी त्यांना बघू दिलं. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. जी गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येते तिच्यावर विश्वास बसतो.

गोवर-रुबेलाची लस भुकटीच्या रूपात येते. तिच्यासोबत आलेल्या द्रावणात ती मिसळली की चार तासांत वापरायची, उरली तर टाकायची. बाटली पाच डोसांची. सव्वादहाला सिस्टरनी ती फोडली, लेबलवर पेनाने वेळ लिहिली. समोर तीन मुलं होती. आशाताईंच्या यादीत चौथं नाव होतं, पलीकडच्या टेकडीवरची दहा महिन्यांची मुलगी. सव्वादोनच्या आत ती यायला हवी. आशाताई काही न बोलता चपला घालून निघाल्या.

त्या परत येईपर्यंत इकडे खरं काम चाललं होतं. बावीस-तेवीस वर्षांची एक आई आठ-नऊ महिन्यांचा मुलगा घेऊन आली होती. कार्डावर फक्त बीसीजी आणि जन्माच्या वेळचे थेंब. नवरा अजून सुरतेकडेच. सासूचं म्हणणं, मोठ्या नातवाला सुई टोचली तेव्हा रात्रभर तापाने फणफणला होता, याला नको. खात्याचं भित्तिपत्रक समोर भिंतीवर होतं, छापील मराठीत. या घरात पावरी बोलली जाते. अंगणवाडी सेविका याच पाड्यातल्या. त्या सासूशेजारी खाली बसल्या आणि पावरीतून बोलू लागल्या. आधी मोठ्या नातवाच्या तापाची सगळी हकीकत ऐकून घेतली. ताप आला होता हे मान्य केलं. आजही येईल म्हणाल्या, एक-दोन दिवस राहील, मांडीला थोडी सूज येईल, तिथे काही चोळायचं नाही, गोळी किती द्यायची ते सिस्टर सांगतील, आणि उद्या सकाळी मी स्वतः बघायला येईन.

प्रत्येक आईला चार गोष्टी सांगायच्या असा दंडक आहे: कोणती लस दिली आणि ती कोणत्या आजारापासून वाचवते, पुढची लस कधी, काय त्रास होऊ शकतो व झाल्यास काय करायचं, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचं. घाईत ही चार वाक्यं पाठ म्हटल्यासारखी उरकली जातात आणि तिथेच बरीचशी जनजागृती संपते. इथे सेविकेने सांगितलं आणि मग त्या आईलाच परत सांगायला लावलं. तिचं एक वाक्य चुकलं, तेव्हा सासूनेच ते दुरुस्त केलं. मुलाला पेंटाचा पहिला डोस मिळाला. अर्धा तास सगळ्यांनी पडवीतच बसायचं होतं.

तापाची भीती अडाणीपणाची नाही. मूल तापलं तर आईची मजुरी बुडते, दवाखाना दूर, मोबाईलला रेंज मिळवायला टेकडीवर जावं लागतं. अशा ठिकाणी ‘काही होत नाही’ असं सांगणारी नर्स एकदाच विश्वास मिळवते. दुसऱ्या दिवशी ताप पाहायला येणारी कायमचा. नंदुरबारमधल्या कुठल्याही मोहिमेचं यश मी या दुसऱ्या दिवशीच्या फेरीवर मोजेन. २०२१मध्ये कोविडच्या लशीची धास्ती या डोंगरात पसरली होती, तेव्हाही लोकांचं मन वळवायला ओळखीची, घरची भाषा बोलणारी माणसंच लागली. त्या वेळचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः भिल्ल समाजातले आणि शिक्षणाने डॉक्टर होते. मन वळलं तरी वाट उरतेच. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्यात महाराष्ट्रातली ३३ गावं आली. त्या काठावरच्या अक्कलकुवा-धडगावच्या काही वस्त्यांवर लस बोटीने न्यावी लागते.

आणि हे सगळं कशासाठी, तर गोवर कुपोषित मुलाला सोडत नाही. धडधाकट मुलाला गोवर आला तर बहुतेक वेळा ते उठून उभं राहतं. आधीच वजन कमी असलेल्या मुलाला न्यूमोनिया आणि जुलाब गाठतात. नंदुरबारमध्ये कुपोषणाची चर्चा दर पावसाळ्यात होते, पण त्या चर्चेत लशीचं कार्ड क्वचितच कोणी मागून पाहतं.

दीडच्या सुमारास आशाताई टेकडी उतरून आल्या. मागे एक मुलगी पाठीवर धाकटी बहीण बांधून. आई मोहाची फुलं वेचायला गेली होती. बाप सोबत आला होता. उजव्या दंडात सुई, तोंडात अ जीवनसत्त्वाचं औषध, कार्डावर तारीख. पाचवा डोस तेवढा वाया गेला. एका मुलासाठीसुद्धा बाटली फोडायची अशीच सूचना आहे आणि ती योग्य आहे.

वाचकांपैकी कोणाच्या शेतात, वीटभट्टीवर, बांधकामावर किंवा शेजारच्या उसाच्या फडात डोंगरातून आलेली कुटुंबं असतील, तर एवढं करा. लहान मुलाच्या आईला लशीचं कार्ड आहे का ते विचारा आणि गावातल्या आशाताईंना कळवा. देशातल्या कुठल्याही सरकारी सत्रात लस मोफत मिळते, गाव कोणतं ते आड येत नाही. डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिला तिथून पुढे देतात. गोवर-रुबेलाची राहिलेली लस पाच वर्षांपर्यंत देता येते. कार्ड हरवलं असेल तरी मुलाला परत पाठवू नका, पाठवू देऊ नका.